बाबांनी लावलेली रांग

२००६च्या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे ओहायोत राहायला आले आणि मी पहाटे पाचला उठायला लागले. उठ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कुणाकडे तक्रारही करता येत नव्हती.

सासूबाई त्या जानेवारीत गेल्या. तीन दिवस ताप आला आणि संपलं. नवरा धावतपळत मिरजेला जाऊन सगळं उरकून आला, आणि मेच्या सुरुवातीला पुन्हा जाऊन बाबांना घेऊन आला. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. आले तेव्हाच पँट पट्ट्यानं आवळलेली होती. जुलै उजाडेपर्यंत त्या पट्ट्याला त्यांनी गॅरेजमधला खिळा घेऊन स्वतःच आणखी एक भोक पाडलं होतं. ते मी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या ऐवजी पावणेपाचला उठले.

आम्ही कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहत होतो. नवरा सोमवारी सकाळी विमानानं शिकागोला क्लायंटकडे जायचा, तो शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. मी एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर टेस्टिंगचं काम करत होते. मुलगा चार वर्षांचा. बाबा यायच्या आधी नवरा म्हणाला होता, "बाबा आहेत तोवर घरात अंडं नको आणूस. आणि जमलं तर जरा आईसारखं करत जा. त्यांना तेवढंच बरं वाटेल."

तो सहज म्हणाला. मी मात्र ते परीक्षेला बसल्यासारखं घेतलं. मी नागपूरची. आमच्याकडे भाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुणे रागावतात. सासूबाईंची आमटी चिंचगुळाची, पातळसर, जिभेवर आधी गोड आणि मग आंबट लागणारी. मी सांगलीच्या मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला, फोन करून सगळं वहीत उतरवून घेतलं. चिंच किती वेळ भिजवायची, फोडणीत मेथीचे दाणे कधी टाकायचे, गूळ आधी का नंतर. सासूबाईंनी आदल्या वर्षी पाठवलेला काळा मसाला फ्रीझरमध्ये होता. तो मी चमच्याचमच्यानं पुरवून वापरत होते.

पोळ्या, आमटी, भाजी, कोशिंबीर करून, झाकून, मुलाला डे-केअरला सोडून मी ऑफिस गाठायची. संध्याकाळी परत यावं तर ताट झाकलेलंच असायचं. पोळीचा एक कोपरा मोडलेला, आमटीची वाटी जवळजवळ तशीच.

"बाबा, जेवला नाहीत?"

"जेवलो की. पोट भरलं."

मी ती आमटी सिंकमध्ये ओतायची आणि नळ मोठा सोडायची. कीव यायची त्यांची, आणि रागही. राग जास्त, हे आज कबूल करायला हरकत नाही. दिवसभर स्क्रीनवर दुसऱ्यांच्या चुका शोधून माझे डोळे चुरचुरत असायचे, आणि घरी आल्यावर माझी काय चूक होते आहे ते काही सापडत नव्हतं.

जुलैअखेरच्या एका शुक्रवारी शिकागोला वादळ झालं आणि नवऱ्याची फ्लाइट कॅन्सल झाली. त्यानं ती रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली. शनिवारी सकाळी साडेनऊला पोचेन म्हणाला, म्हणून मी बाबांना आणि मुलाला गाडीत बसवून त्याला आणायला निघाले. कुणीच काही खाल्लं नव्हतं. परत आल्यावर पोहे करू, असा विचार होता. अर्धा रस्ता संपला असेल नसेल, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"अगं, अजून दोन तास लेट आहे. क्रूच नाहीये यार. तुम्ही निघू नका घरून."

"निघालोय आम्ही."

"मग परत जा ना."

परत जायची माझ्यात ताकद नव्हती. घरी जाऊन पोहे करायचे, भांडी घासायची, पुन्हा मुलाला बूट घालायचे, पुन्हा तोच रस्ता. मी हायवे सोडला आणि डाउनटाउनमधल्या जुन्या मार्केटकडे गाडी वळवली.

ते मार्केट म्हणजे विटांचं एक जुनं गोदाम. वर लोखंडी तुळया, खाली दाटीवाटीनं दुकानं. चीज, मध, फुलं, मासे, एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला लांब दाढीचे अमिश शेतकरी फळं भरून भाजलेले गोड 'पाय' विकत बसलेले. शनिवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्या गर्दीतली निम्मी माणसं एकाच काउंटरसमोर उभी असायची. तिथे नाश्त्याचं सँडविच मिळायचं. जाड, भाजलेला पाव, त्यात अंडं, वितळलेलं चीज आणि टोमॅटो. मुलगा व्हायच्या आधी आम्ही दोघं तिथे जायचो. तीन महिने घरात अंडं नव्हतं. गाडी वळवली तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

रांग फुलांच्या दुकानापर्यंत आलेली. आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. मुलगा आधी माझ्या एका पायाला लोंबकळला, मग दुसऱ्या. "ममा, आय अ‍ॅम हंग्री. ममा, हाउ मेनी पीपल?" बाबा खाटकाच्या दुकानाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे होते. बसची वाट पाहत असल्यासारखे. काउंटरमागे साठीची एक बाई होती. दंडापर्यंत बाह्या सारलेल्या, हातांवर भाजल्याचे जुने डाग. दोन्ही हातांत एकेक अंडं घेऊन ती एकाच वेळी तव्यावर फोडायची, मान वर न करता पुढच्याची ऑर्डर ऐकायची, आणि सँडविच तयार झालं की ज्याचं त्याचं नाव अख्ख्या मार्केटला ऐकू जाईल असं ओरडायची.

मी दोन घेतली. एक अंड्याचं, मला आणि मुलाला मिळून. दुसरं नुसतं चीज-टोमॅटोचं, बाबांसाठी. बाईनं कागदात गुंडाळून चीजवाल्यावर पेननं फुली मारून दिली. माडीवर टेबलं होती, तिथे एक कोपरा मिळाला. बसते न बसते तोच मुलगा म्हणाला, "ममा, बाथरूम. नाउ."

"बाबा, फुलीवालं तुमचं. फुली नसलेलं राहू द्या, आम्ही आलोच," म्हणून मी त्याला घेऊन पळाले. तिथेही रांग होतीच.

परत आले तेव्हा बाबा खात होते. मान खाली घालून, दोन्ही हातांनी घट्ट धरून. चीजबरोबर पिवळा बलक त्यांच्या अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळत होता. फुलीचा कागद टेबलावर होता, उघडलेला, आणि आतलं सँडविच जसंच्या तसं.

"बाबा! ते अंड्याचं आहे! थांबा, थांबा... मी सांगितलं होतं ना, फुलीवालं—"

"फुली वाचली मी," ते म्हणाले. घास गिळला. "दोन्ही उघडून बघितली. हे घेतलं."

त्यांनी रुमाल काढून मनगट पुसलं आणि उरलेला तुकडाही खाल्ला. अगदी शांतपणे, कागदावर पडलेले पावाचे कण बोटानं टिपून. या माणसाला काही खाऊन संपवताना मी तीन महिन्यांत पहिल्यांदाच पाहत होते.

"लग्नाआधी मी धरणाच्या कामावर होतो," ते म्हणाले. "कॅम्पवर राहायचो, तंबूत. तिथला आचारी रोज सकाळी अंडी करायचा. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, मला चालणार नाही. मी म्हटलं, बरं. सोडलं."

"मग आज?"

"आता ती नाही म्हणून खाल्लं असं मनात आणू नकोस हं. भूक लागली होती गं. वास आला आणि भूक लागली. फार दिवसांनी लागली."

अशा वेळी सुनेच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, ते आलं. पण खरं सांगायचं तर ते त्यांच्यासाठी नव्हतं. माझं सँडविच संपलं होतं. चाळीस मिनिटं उभी राहून घेतलेलं, तीन महिने मनात धरलेलं माझं सँडविच. मुलानं चीजवाल्याचा अर्धा भाग तोंडात कोंबला होता आणि उरलेल्यातला टोमॅटो तो बोटानं उपसून काढत होता. मी तिथे, परक्या माणसांनी भरलेल्या त्या माडीवर, टेबलावर कोपर टेकून रडायला लागले. थांबवता येईना. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं न विचारता टिश्यूंचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या कागदाकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"हे तुझं होतं," ते म्हणाले.

"असू दे बाबा."

"असू दे काय? पैसे दे. मी आणतो."

"तुम्ही? रांग बघितलीत ना? आणि तिथे ती बाई शंभर प्रश्न विचारते."

"विचारू दे."

तीन महिन्यांत बाबा एकाही अमेरिकन माणसाशी बोलले नव्हते. शेजारचे काका रोज कुत्र्याला फिरवताना हात करायचे, तेव्हा हे पडद्याआड व्हायचे. मी पर्समधून एक नोट काढून दिली. ते जिना उतरले. वरून मला ती रांग पुरी दिसत होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, सगळ्यांहून वीतभर उंच असे बाबा फुलांच्या दुकानापाशी शेवटाला जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

मुलगा माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपला. मी त्याचे बूट काढले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. उठता येत नव्हतं, फोन वाजत नव्हता, काही शिजवायचं नव्हतं. मी नुसती बसून बाबांना पुढे सरकताना बघत होते. मधे एक जोडपं त्यांच्या पुढे घुसलं, तर त्यांनी घसा खाकरला आणि बोटानं रांगेचा शेवट दाखवला. जोडपं मुकाट मागे गेलं. काउंटरशी पोचल्यावर बाईनं काहीतरी विचारलं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या सँडविचकडे बोट केलं. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा बोट केलं, या वेळी जास्त ठामपणे. मग तिनं नाव विचारलं असणार, कारण थोड्या वेळानं मार्केटमध्ये एक नाव घुमलं, आणि ते त्यांचं नव्हतं, माझं होतं. त्या बाईनं त्याची पार मोडतोड केली होती, तरी मला ओळखू आलं.

ते वर आले आणि गरम पुडकं माझ्यापुढे ठेवलं. "सेम टू सेम म्हणालो. कळलं तिला. खा."

मी खाल्लं. मुलगा मांडीवर असल्यामुळे एकाच हातानं, अंगावर सांडत. घरात सगळ्यांत शेवटी, ओट्याशी उभ्यानं, गार झालेलं खायची मला इतकी सवय झाली होती, की जीभ पोळली तेव्हा मी दचकलेच. बाबा समोर बसून खालची गर्दी बघत होते. माझं अर्धं खाऊन झाल्यावर ते खालीच बघत म्हणाले, "एक सांगू? रागावणार नाहीस?"

"सांगा."

"तू आमटी करतेस ना. तिच्या मसाल्याची."

"हो. चुकतं का काही? मावशींना विचारून—"

"चुकत नाही. चुकली असती तर खाल्ली असती." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "झाकण उघडलं की वास तोच येतो. हुबेहूब. मग घास घेतला की कळतं, तिची नाही. जवळजवळ आहे, पण तिची नाही. रोज दुपारी. एकटाच असतो मी तेव्हा घरात."

मी हातातलं खाली ठेवलं.

"तू पहाटे उठतेस, मला खोलीत ऐकू येतं सगळं. कुकर, लाटणं. मला वाटायचं, आज खायचंच. पोरगी एवढी मरते आहे. पण घास उतरायचा नाही."

"मग सांगितलं का नाहीत बाबा?"

"काय सांगू? चांगलं करतेस म्हणून खाता येत नाही, असं?"

मला राग यायला हवा होता की वाईट वाटायला, तेही कळेना. वहीतली ती सगळी पानं, ती भिजवलेली चिंच, नव्वद पहाटा. दया यावी असे आम्ही दोघंही होतो, आणि दोघंही एकमेकांना काही न बोलता रोज नेमानं छळत होतो.

"तुझ्या आईकडं काय करतात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही सोसायचं. तिखट असतं."

"बघू तर."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो उतरला होता.

विमानतळावर तो गाडीत येऊन बसला तेव्हा चुरगळलेला, दाढी वाढलेला, आंबलेल्या चेहऱ्याचा होता. बाबा मागे मुलाच्या शेजारी बसले होते. गाडी हायवेला लागायच्या आतच ते म्हणाले, "मी आज अंडं खाल्लं."

नवरा हसला. त्याला वाटलं, बाबा चेष्टा करतायत. कुणीच हसलं नाही तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू दिलंस?"

"तिनं नाही दिलं," मागून बाबा म्हणाले. "मी घेतलं. तिचं होतं ते."

घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं होतं, आत गेल्यावर भांडण होईल. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, मी झोपते आहे, आणि खोलीचं दार लावून झोपले. उठले तेव्हा साडेपाच वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि खाली तो बाबांशी हळू आवाजात बोलत होता. काय ते मी ऐकायला गेले नाही.

सोमवारी मी गजर साडेसहाचा लावला. मंगळवारी रात्रीच्या जेवणाला माझ्या आईसारखी बेसनाच्या पातोडीची झणझणीत रस्साभाजी केली. बाबांचं नाक वाहायला लागलं, कपाळावर घाम आला. दोनदा पाणी प्यायले आणि म्हणाले, "असलं रोज खाता तुम्ही?" आणि पोळी मागून घेतली.

दुखावला तो नवरा. ते माझ्या उशिरा लक्षात आलं. "आईसारखं करत जा" हे तो बाबांसाठी म्हणाला होता, असं मला वाटत होतं, कदाचित त्यालाही तसंच वाटत होतं. आठवडाभर हॉटेलचं खाऊन शुक्रवारी घरी आल्यावर ती आमटी तो वाटीनं प्यायचा. दोन आठवडे ती ताटात दिसली नाही, तेव्हा एका रविवारी त्यानं विचारलंच, "आमटी नाही का करणार आता?"

"वही ड्रॉवरमध्ये आहे," मी म्हटलं. "मसाला फ्रीझरमध्ये."

हे मी कुचकेपणानं म्हटलं नव्हतं. माझ्यात खरंच त्राण नव्हतं. त्यानं वही काढली. तासभर त्याचं काहीतरी चाललं होतं. फोडणी जळली, ती टाकून दुसरी केली. सगळं झाल्यावर तो गॅसपाशी पाठमोरा बराच वेळ ढवळत राहिला, ढवळायला काही उरलं नव्हतं तरी. मी मुलाला घेऊन अंगणात गेले. जेवायला बसलो तेव्हा आमटीत गूळ भलताच जास्त झाला होता. बाबांनी ती भातावर घेतली आणि ताट स्वच्छ केलं. चांगली झाली, असं ते म्हणाले नाहीत. दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

ऑक्टोबरात थंडी सुरू झाल्यावर बाबा परत गेले. राहा म्हणून आम्ही आग्रह केला, पण घर बंद ठेवून किती दिवस राहणार, म्हणाले. मिरजेला त्यांनी स्वयंपाकाला बाई ठेवली, कर्नाटकातली. तिच्या हातचं सगळंच वेगळं होतं, आणि ते त्यांना मानवलं. पुढे नऊ वर्षं ते एकटे राहिले.

माझा थकवा काही त्या शनिवारी संपला नाही. नवऱ्याचं शिकागो आणखी दोन वर्षं चाललं, नंतर मुलीचा जन्म, मग माझा लेऑफ. मात्र पहाटे उठून वहीबरहुकूम कुणासारखं तरी करायला जाणं, ते मी त्या उन्हाळ्यानंतर केलं नाही. बाबांचा फोन रविवारी सकाळी यायचा. मी जेवायला काय केलं आहे हे ते आधी विचारायचे, आणि मी "काहीच नाही, कंटाळा आला" म्हटलं, की तिकडून म्हणायचे, "मग झोप जा गं. फोन त्याला दे."